गुलाबाच्या मुळावर उठलेला निमॅटोड

दुपारी बारा-साडेबाराला पॉलिहाऊसच्या मधल्या वाटेनं एक चक्कर मारा. बाकीचे बेड ताठ उभे असताना एखाद्या बेडमधली दहा-पंधरा झाडं माना टाकून दिसली आणि बोट घालून बघितल्यावर माती ओली लागली, तर तिथंच थांबा. संध्याकाळी तीच झाडं पुन्हा सावरतात, म्हणून आपण ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडून देतो.

मीही दिलं होतं सोडून. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात माझं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, लाल गुलाबाचं तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. आधी पाणी वाढवलं. शेंड्याची पानं पिवळी होती म्हणून फेरस (लोह) दिलं. मग ह्युमिक दिलं. मग दुकानातून सांगितली तशी बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतलं. पाच महिन्यांत साठ सेंटिमीटरची दांडी चाळीसवर आली. शेवटी बांधाला बांध असलेले आबा सहज डोकावले. त्यांच्या रानात आल्याचं पीक असतं, गुलाबाशी काही देणंघेणं नाही. त्यांनी एक झाड उपटलं, बादलीत मुळी खळखळून धुतली आणि म्हणाले, “आरं, ही तर आमच्या आल्यातलीच गाठ हाय की!”

पाच महिने मी वर बघत होतो, दुखणं खाली होतं. हा लेख त्या पाच महिन्यांची भरपाई म्हणून लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल: गुलाबाची लागण पाच-सहा वर्षं जागेवर उभी असते. वांगी-टोमॅटोसारखं सहा महिन्यांत काढून फेरपालट करता येत नाही. त्यामुळे निमॅटोडवर जे काही खरं काम करायचं, ते रोप जमिनीत जायच्या आधी. नंतर करतो ती त्याला आवरून धरण्याची धडपड.

हा प्राणी आहे तरी कोण

निमॅटोड म्हणजे सूत्रकृमी. दोऱ्यासारखा, बिनरंगी, डोळ्याला न दिसणारा. मुळात शिरणारं पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतं. मातीत चांगले सूत्रकृमीही असतात, सगळेच शत्रू नाहीत. गुलाबाला त्रास देणाऱ्यांत दोन घराणी ध्यानात ठेवायची.

पहिलं गाठी करणारं, मेलॉयडोगायनी. थंड देशांतल्या गुलाबांवर यातली हॅपला ही जात जास्त सापडते. आपल्या उष्ण मातीत प्रामुख्यानं इन्कॉग्निटा आणि जावानिका. भारतात या घराण्याची पहिली नोंद १९०१ साली दक्षिणेतल्या चहाच्या मुळांवर झाली, म्हणजे पाहुणा नवा नाही. पिल्लू मुळीच्या टोकाजवळून आत शिरतं आणि एका जागी ठाण मांडतं. त्याच्या लाळेमुळे आजूबाजूच्या पेशी फुगून राक्षसी होतात. त्यांच्याभोवती मुळी सुजते, तीच आपल्याला गाठ म्हणून दिसते. आत बसलेली मादी नासपतीच्या आकाराची, मोत्यासारखी पांढरी, टाचणीच्या डोक्याहून लहान. ती चिकट गोळ्यात तीनशे ते पाचशे अंडी घालते. बहुतेकदा नराशिवायच.

आता जरा हिशेब करा. मातीचं तापमान सत्तावीस-अठ्ठावीस अंश असेल तर एक पिढी साधारण २५ ते ३० दिवसांत पुरी होते. एका मादीची तीनशे अंडी धरा आणि दहातलं एकच जगलं असं समजा. महिन्यानं तीस, दोन महिन्यांनी नऊशे, तीन महिन्यांनी सत्तावीस हजार. फेब्रुवारीत दोन झाडांवर असलेला त्रास मे महिन्यात अख्ख्या बेडवर का दिसतो, ते यात आलं.

दुसरं घराणं प्रॅटिलेन्कस, मुळीला जखमा करणारं. हे एका जागी बसत नाही. मुळीच्या आत चालत, पेशी फोडत फिरतं. गाठ होत नाही, मुळीवर तपकिरी-काळे अरुंद चट्टे पडतात आणि बारीक मुळ्या झडून झाड बोडकं होतं. गाठ दिसत नाही म्हणून लोक याला मूळकूज समजतात आणि बुरशीनाशकावर पैसे घालत राहतात. काही वेळा दोन्ही एकत्र असतात, कारण त्या जखमांतूनच बुरशी आत येते.

युरोपात झिफिनेमा नावाचा एक लांब सूत्रकृमी गुलाबात विषाणू पसरवतो. त्याची चिंता आपण इथं करत बसायला नको.

पायरी पहिली: मुळी बघणं

तासगावच्या द्राक्षवाल्यांना पांढऱ्या (नव्या, जिवंत) मुळीचं जेवढं वेड आहे, त्याच्या निम्मं वेड गुलाबवाल्यांना असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. आपण फूल बघतो, दांडी बघतो, पानावरची भुरी आणि कोळी बघतो. मुळी बघायची म्हटलं की झाड वाया जाईल म्हणून जीव वर-खाली होतो. जाऊ द्या एक झाड.

पूर्ण वाळलेलं झाड मात्र उपटू नका. त्याची मुळी कुजलेली असते आणि निमॅटोड तिथून केव्हाच निघून गेलेला असतो. आजारी पट्ट्याच्या कडेचं, नुकतं मान टाकायला लागलेलं झाड निवडा. ओढू नका, बारीक मुळ्या जमिनीतच राहतात. खुरप्यानं वीत-दीड वीत घेर सोडून मातीच्या गड्ड्यासकट उचला, पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, मग हलक्या हातानं हलवा. पाईपच्या धारेखाली धुतलं की नेमकी तपासायची मुळी धारेबरोबर जाते. धुतलेली मुळी पांढऱ्या कापडावर पसरून उजेडात बघा.

तंतुमुळांवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या फुगवट्या दिसतील, माळेत मणी ओवावेत तशा. गुलाबाच्या गाठी टोमॅटो-वांग्याएवढ्या ढोबळ नसतात, म्हणून नजरेतून सुटतात. ही गाठ मुळीचाच भाग असते, नखानं खरवडून वेगळी होत नाही. भिंगाखाली गाठीच्या अंगावर तपकिरी चिकट ठिपका दिसला तर तो अंड्यांचा गोळा.

इथं एक गल्लत नेहमी होते. जमिनीलगत, डोळा भरलेल्या (कलम केलेल्या) जागेजवळ अक्रोडासारखी खडबडीत, कडक, एकच मोठी गाठ असेल तर ती निमॅटोडची नाही. ती जिवाणूची, अ‍ॅग्रोबॅक्टेरियमची. तिचा इलाज वेगळा. आणि मुळ्या कुरतडलेल्या, अर्धवट तुटलेल्या असतील तर मातीत हुमणी (मुळं खाणारी अळी) शोधा.

पायरी दुसरी: नमुना

गाठी दिसल्या तर घराणं कळलं. पण किती आहेत, आणि गाठी नसतील तर जखमावाला आहे का, हे प्रयोगशाळेतच कळतं. नेहमीच्या माती परीक्षणात हे येत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. सामू, क्षारता, नत्र-स्फुरद-पालाश यांचा कागद हातात आला म्हणजे निमॅटोड तपासला असं होत नाही. उलट त्या परीक्षणासाठी आपण माती सावलीत वाळवतो. निमॅटोडच्या नमुन्याची माती वाळवली तर तपासायला जिवंत काही उरतच नाही.

असं करा. आजारी पट्ट्याच्या कडेनं, नागमोडी चालत, एका बेडमधून दहा ते पंधरा ठिकाणी माती घ्या. वरची दोन बोटं सुकी माती बाजूला सारून, १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरची, मुळांच्या जवळची. सोबत बारीक मुळ्याही येऊ द्या. सगळं घमेल्यात हलकं मिसळून पाव किलो माती आणि चिमूट-दोन चिमूट मुळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरा. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, शाई ओलीनं फुटते. पिशवी उन्हात ठेवू नका. गाडीच्या डिकीत तर मुळीच नको, मे महिन्यात तिथं माती उकडते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचवा. निरोगी पट्ट्याचा एक नमुना वेगळ्या पिशवीत दिला तर तुलना चांगली होते.

कुठं द्यायचं? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम चालतं. जवळचं म्हणून आधी कऱ्हाडच्या कृषी महाविद्यालयात, किंवा साताऱ्यात बोरगाव किंवा कालवडे आणि सांगलीत कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात फोन करून विचारा, नमुना कुठं आणि कोणत्या वारी घेतात ते. न विचारता पिशवी घेऊन जाऊ नका.

तेवढंही जमणार नसेल तर घरच्या घरी टोमॅटोची साक्ष काढता येते. संशयित मातीच्या चार कुंड्या भरा. तीच माती चुलीवर पाणी घालून तासभर चांगली वाफवा, गार करा आणि आणखी चार कुंड्या भरा. आठही कुंड्यांत टोमॅटोचं एकेक रोप लावा. जात गाठींना बळी पडणारी हवी, निमॅटोडला दाद न देणाऱ्या संकरित जाती नकोत. पाच-सहा आठवड्यांनी सगळी उपटून धुवा. वाफवलेल्या मातीत स्वच्छ मुळी आणि दुसरीकडे गाठी असतील, तर पुढं कुणाला विचारायची गरज नाही. फक्त जखमा करणारा निमॅटोड या परीक्षेत पकडला जात नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

पायरी तिसरी: तो आला कुठून

हे शोधल्याशिवाय इलाजाला हात घालू नका, नाहीतर एका दारानं हाकलाल आणि दुसऱ्या दारानं पुन्हा आणाल. निमॅटोड स्वतःच्या ताकदीनं वर्षभरात जेमतेम हात-दोन हात सरकतो. एका गावातून दुसऱ्या गावात त्याला आपणच नेतो.

माझ्याकडे तो लाल मातीतून आला. आपली काळी माती चिकट, गुलाबाला निचरा लागतो, म्हणून पॉलिहाऊस भरताना आपण लाल माती आणतो. ट्रॉलीचा भाव ठरवताना मी घासाघीस केली, पण त्या रानात आधी काय पीक होतं हे विचारलं नाही. नंतर कळलं, वर्षानुवर्षं वांगी आणि टोमॅटो. माती विकणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग, प्रश्न मी विचारायला हवा होता. आता विचारतो, आणि माती भरण्याआधी टोमॅटोची परीक्षा करतो. महिना-दीड महिना जातो, जाऊ दे.

सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत निमॅटोडला आवडणाऱ्या पिकांची कमी नाही. साताऱ्या-कोरेगावचं आलं, सांगलीची हळद, आटपाडी-माणचं डाळिंब, तासगाव-पलूसची द्राक्षं, आणि जागोजाग वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडी. यातलं काही ज्या रानात होतं तिथली माती गुलाबाला घ्यायची असेल तर तपासल्याशिवाय नको. आल्या-हळदीचा कचरा पडलेल्या उकिरड्यावरचं कच्चं शेणखतही त्यात धरा.

दुसरं दार रोपांचं. डोळा भरलेली रोपं पिशवीत येतात, खुंट (ज्या मूळझाडावर डोळा भरतात ते) कोणता आहे ते आपण विचारतो, पण मुळी बघत नाही. मी आता गाडी उतरवून घेण्याआधी शंभरामागे पाच रोपं फोडून बादलीत धुतो. रोपवाटिकेवाला तोंड वाकडं करतो, करू दे. एका रोपावर जरी गाठ दिसली तरी अख्खा लॉट परत. खुंटाबद्दल एवढंच सांगतो, सगळ्या निमॅटोडना पुरून उरेल अशा खुंटाच्या भरवशावर लागण करू नका.

तिसरं दार अवजारांचं आणि पायांचं. खुरपं, फावडं, मजुरांच्या चपला, भाड्यानं आलेला रोटाव्हेटर. उपाय फारसा खर्चीक नाही. दाराशी पाण्याचा नळ आणि ब्रश ठेवा, आधी निरोगी बेडमध्ये काम आणि आजारी बेड शेवटी, आणि त्या बेडचं खुरपं वेगळं. ओळखायला मुठीला लाल फडकं बांधलंय मी.

पायरी चौथी: लागणीआधीचं काम, जिथं सगळा खेळ आहे

जुनी लागण काढत असाल तर झाडं मुळासकट काढा. कोयत्यानं खोडातून तोडून मुळं आत सोडली तर त्या मुळांतली अंडी पुढच्या लागणीची वाट बघत बसतात. काढलेली मुळं वाळवून जाळा, कंपोस्टच्या ढिगावर टाकू नका. तणंही काढा. घोळ, माठ, कामुनी ही तणं निमॅटोडला उपाशी मरू देत नाहीत. नंतर उन्हाळा लागला की दर पंधरवड्यानं एकदा माती खालीवर करा आणि उन्हात तापू द्या. उन्हाळी नांगरटीची जुनी रीत या किड्यासाठीच काढली असावी असं वाटण्याइतकी ती इथं लागू पडते, कारण अंडी आणि पिल्लं कोरड्या उन्हात टिकत नाहीत.

मग माती तापवणं, म्हणजे सौरनिर्जंतुकीकरण. यात लोक इतक्या चुका करतात की जरा सविस्तर लिहितो.

आधी बेड तयार करून घ्या. साधारण मीटरभर रुंद, एक-दीड फूट उंच, मध्ये अर्ध्या मीटरची वाट. तापवल्यानंतर बेड ओढायला गेलात तर खालची न तापलेली माती वर येते आणि केलं-सवरलं पाण्यात. ढेकळं फोडून बेड सपाट करा. ठिबकच्या नळ्या अंथरा आणि एक फूट खोलीपर्यंत ओल जाईल इतकं पाणी द्या. ओली माती उष्णता खोल नेते, आणि ओलीत जागा झालेला निमॅटोड सुप्त निमॅटोडपेक्षा लवकर मरतो. कोरड्या मातीवर कागद टाकणं म्हणजे निव्वळ कागदाचा खर्च.

कागद पारदर्शक हवा. काळा मल्चिंग पेपर नाही! काळा कागद स्वतः तापतो, माती तेवढी तापत नाही. जाडी १०० गेज, म्हणजे २५ मायक्रॉन, पुरे. कागद मातीला चिकटून ताणून बसवा, कडा वीतभर चरात पुरून मातीनं दाबा, भोकं चिकटपट्टीनं बंद करा. पॉलिहाऊसचे पडदे खाली सोडा. चार ते सहा आठवडे हात लावू नका. एप्रिलच्या मध्याला सुरू केलं तर मे अखेरीस संपतं. उघड्या रानात करत असाल तर मेमधल्या वळवाचं पाणी कागदावर साचतं आणि खालची माती गार पडते, ते लगेच झाडून काढावं लागतं.

वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये माती पन्नास अंशांपर्यंत जाते. वीतभर खाली ती चाळिसाच्या आसपास राहते, आणि तिथं सगळे मरत नाहीत. गुलाबाची मुळी तर त्याहून खाली जाते. म्हणून तापवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं पुढं.

कागद काढल्यावर माती रिकाम्या घरासारखी असते. जो आधी शिरेल त्याचं घर. त्यात आपली माणसं आधी बसवायची. तयारी कागद घालतानाच सुरू करा: एक टन चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात ५० ते १०० किलो निंबोळी पेंड, आणि ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास व पॅसिलोमायसिस या उपयोगी बुरशी-जिवाणूंची प्रत्येकी दोन किलो पावडर. सावलीत ढीग करा, हातात दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही एवढी ओल ठेवा, बारदान झाका आणि पंधरा दिवस मुरू द्या. मध्ये एकदा खालीवर करा. यातला पॅसिलोमायसिस (आता शास्त्रज्ञ त्याला पर्प्युरिओसिलियम म्हणतात, दुकानात जुनंच नाव चालतं) निमॅटोडची अंडी खातो. पाकिटावरची तारीख बघा. उन्हात ठेवलेलं, मुदत संपत आलेलं पाकीट म्हणजे भुसा.

याशिवाय बेडमध्ये चौरस मीटरला २०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. दहा गुंठ्यांत वाटा वजा जाता बेडचं क्षेत्र पावणेसातशे चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे १३५ किलो पेंड. पेंड घेताना वास आणि कडवटपणा बघा. तेल पार काढून घेतलेली, माती मिसळलेली पेंडही त्याच भावात मिळते. पेंड टाकल्यावर ओल देऊन दोन आठवडे थांबा, लगेच रोप लावलं तर कोवळी मुळी भाजते.

आता झेंडू. झेंडू लावा म्हणजे निमॅटोड पळतो, हे वाक्य इतकं पसरलंय की लोक गुलाबाच्या चार बेडांना कडेनं दोन झेंडू लावून निवांत होतात. त्यानं काही होत नाही. झेंडूच्या मुळीतलं द्रव्य जिथं ती मुळी आहे तिथंच काम करतं. त्यामुळे झेंडू घ्यायचा तर गुलाबाच्या आधीचं पीक म्हणून, सगळ्या बेडवर, दाट, किमान अडीच-तीन महिने, मध्ये तण न ठेवता. जखमा करणाऱ्या निमॅटोडवर तो फार चांगला चालतो, गाठीवाल्यावर जातीजातीप्रमाणे. दसरा-दिवाळीला फुलांचे पैसेही होतात. ज्यांना उन्हाळ्यात माती तापवता आली नाही, त्यांनी पावसाळ्यात झेंडू घेऊन नंतर गुलाब करावा असं माझं मत आहे.

लागणीच्या दिवशी

इथं फार सांगण्यासारखं नाही. धुऊन तपासलेली रोपं, लिटरला दहा ग्रॅम स्युडोमोनासच्या पाण्यात मुळं अर्धा तास बुडवून, संध्याकाळच्या वेळी लावा. पिशवीतली माती वाटेत झाडू नका, एका घमेल्यात गोळा करून बाहेर न्या.

उभ्या लागणीत निमॅटोड सापडला तर

आता माझ्यासारख्यांसाठी, ज्यांचं सगळं उलटं झालंय.

पहिल्यांदा पाणी आवरा. मान टाकलेल्या झाडाला जास्त पाणी द्यावंसं वाटतं, पण तुटक्या मुळीला ते ओढता येत नाही आणि जी उरलीय ती कुजते. एकदम जास्त देण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा द्या. खताचा डोसही हलका करा. पानं पिवळी दिसतात ती मुळीला उचलता येत नाही म्हणून. मातीत कमी आहे म्हणून नव्हे. वर खत ओतलं की क्षार साठतात. कृष्णाकाठच्या भारी, क्षारपड होत चाललेल्या रानात तर हे दुहेरी मरण.

मग झाडावरचं ओझं कमी करा. हे कुणालाच आवडत नाही. आजारी बेडमधल्या बारीक दांड्या फुलावर न जाऊ देता बेंडिंगमध्ये वाकवा, म्हणजे न तोडता खाली झुकवून पानांसाठी ठेवा. पानं वाढली की अन्न वाढतं, अन्न वाढलं की नवी मुळी फुटते. व्हॅलेंटाइनच्या तोडणीत आपण झाड पार पिळून काढतो, त्याच वेळी ऊन वाढायला लागतं आणि निमॅटोडच्या पिढ्या भराभर निघतात. म्हणून मार्चमध्ये बेड कोसळतात. मी आता आजारी बेडमधून फेब्रुवारीची तोडणी घेतच नाही. चार बंच कमी जातात, बेड वाचतो.

जमिनीतून द्यायचं ते असं: दर तीन-चार महिन्यांनी चौरस मीटरला शंभर-दीडशे ग्रॅम निंबोळी पेंड मुळांना धक्का न लावता वरच्या थरात मिसळा आणि पाणी द्या. मधल्या काळात २० किलो पेंड २०० लिटर पाण्यात दोन दिवस भिजवून, दुहेरी फडक्यातून गाळून आळवणी करा. पॅसिलोमायसिस ठिबकमधून देणार असाल तर द्रवरूप घ्या, पावडरीचा गाळ ड्रीपर बंद करतो. देण्याआधी आणि नंतर आठ-दहा दिवस जमिनीतून बुरशीनाशक देऊ नका. आपलीच बुरशी आपल्याच औषधानं मारून मग ‘जैविकाचा काही फरक पडत नाही’ म्हणणारे मी बरेच बघितलेत. त्यातला एक मीच होतो.

रासायनिकाबद्दल. फोरेट, ज्याला आपल्याकडे अजून थायमेट म्हणतात, त्यावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. कुणाच्या गोदामातून निघालं तरी घेऊ नका. बंद पॉलिहाऊसमध्ये रोज हातानं तोडणी करणाऱ्या बायका असतात, आपणही तिथंच वावरतो. मिथाइल ब्रोमाइडची धुरी जुन्या पुस्तकांत दिसते, ती माँट्रियल करारानं ओझोनसाठी बंद झाली. फ्लुओपायरम, फ्लुएनसल्फोन ही नवी नावं दुकानात ऐकू येतात. त्यांचं काम आहे, पण लेबलावर तुमच्या पिकाचं नाव आहे का ते वाचा आणि विद्यापीठाच्या शिफारशीशिवाय मात्रा ठरवू नका. मातीतली पिल्लं औषधानं कमी होतात, मुळीच्या आतली मादी आणि तिची अंडी बरीचशी वाचतात. त्यामुळे औषध मारून महिनाभर बरं वाटलं की लोक बाकीचं सगळं सोडून देतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तिथंच.

कोकोपीटमध्ये कुंडीत किंवा पिशवीत लागण केली तर यातला बराच त्रास टळतो, हे खरं. पण खर्च मोठा, आणि कुंडी थेट मातीवर टेकवली तर खालच्या भोकातून मुळी मातीत जाते आणि निमॅटोड तिथूनही आत येतो. कुंड्या स्टँडवर, नाहीतर खाली जाड कागद अंथरून.

कधी हात टेकायचे

बेडमधली अर्धीअधिक झाडं दुपारी मान टाकत असतील, नवी फूट पेन्सिलीपेक्षा बारीक येत असेल आणि धुतलेल्या मुळीवर पांढरं टोक शोधावं लागत असेल, तर त्या बेडवर आणखी पैसे घालू नका. मधली दोन झाडं काढून तिथं नवी रोपं लावायचा मोह होतो. मी तीन वेळा लावली, तिन्ही वेळा सहा महिन्यांत गेली. अख्खा बेड काढा. मुळं जाळा, वाटेची मातीही वरून खरवडून घ्या, पलीकडच्या बेडच्या बाजूनं कागद उभा पुरा. वेळ उन्हाळ्याची असेल तर तो एकच बेड तापवा, पावसाळा असेल तर झेंडू दाट लावा.

मग त्या बेडची माती कुंडीत भरून टोमॅटोचं रोप लावा. सहा आठवड्यांनी ते उपटून, धुऊन, पांढऱ्या कापडावर ठेवून बघा. एक जरी गाठ दिसली तर झेंडूचं आणखी एक पीक घ्या. मुळी स्वच्छ निघाली तरच रोपवाटिकेला फोन करा.